ग्वाल्हेरच्या फियाटची बखर

वयाच्या चोपन्नाव्या वर्षापर्यंत मोटार ही वस्तू मी रस्त्याच्या कडेने पाहिली होती, किंवा फार तर मागच्या सीटवरून. इतिहास शिकवणाऱ्या माणसाचे हात खडूने पांढरे होतात. ग्रीसने काळे होण्याचा योग सहसा येत नाही. माझ्या बाबतीत तो आला ग्वाल्हेरमध्ये, २०२२ सालच्या उन्हाळी सुट्टीत. तिथून पुढची अडीच वर्षे आमच्या घरात ज्याला 'मुख्याध्यापकांचे खूळ' म्हटले गेले, त्याची ही बखर.

आपल्या भागातल्या वाचकांना ग्वाल्हेर तसे परके नाही. बेळगावच्या स्थानकावर गोवा एक्स्प्रेसमध्ये बसावे, पुणे, मनमाड, भोपाळ, झाशी करत ती आपल्याला डबा न बदलता ग्वाल्हेरला उतरवते. त्याच वाटेने १९६० साली माझी मावशी लग्न होऊन गेली. सासर लष्करातले, म्हणजे १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी जिथे कायमची विसावली त्या वस्तीतले. त्या भागातली नावे अजून अर्धी मराठी, अर्धी हिंदी आहेत. फालका बाजार, खासगी बाजार, शिंदे की छावनी, चिटणीस की गोठ. नाव मराठी आणि मधला 'की' हिंदी. दुभाषी जिल्ह्यात हयात घालवलेल्या माणसाला तो 'की' ऐकून आपल्याच गल्लीत आल्यासारखे वाटते.

मावशीचे यजमान, आमचे काका, २००४ साली गेले. वाडा मोठा, माणसे कमी. मावसभाऊ भोपाळला, त्याचा मुलगा आजीपाशी राहून इंजिनिअरिंग शिकत होता. वाडा विकायचे ठरले आणि सामानाची वाटणी करायला म्हणून मला बोलावणे आले. आईकडची दोन-चार भांडी आणि काकांची पुस्तके यावर माझा डोळा होता. मागच्या पडवीत लाकडे, मोडका पलंग आणि गोणपाट यांच्याखाली एक मोटार आहे, हे मी विसरूनच गेलो होतो.

भंगारवाला आधीच येऊन गेला होता. वजनावर अठरा हजार देतो म्हणाला.

गोणपाट ओढले तेव्हा आधी दोन उंदीर निघाले, मग गोलसर हिरवे ढुंगण. ढुंगण हाच शब्द योग्य आहे, कारण त्या आकारामुळेच मुंबईकरांनी या गाडीचे नाव 'डुक्कर फियाट' ठेवले. फियाट अकराशे. इटलीतल्या तुरिनची रचना आणि कुर्ल्याची जोडणी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सुरुवातीला तिथे डॉज, प्लिमथ अशा अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढे सरकारचे धोरण आले की नुसती जोडणी नको, भाग हळूहळू इथेच करा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५३-५४च्या सुमारास गाशा गुंडाळला. जे उरले त्यांत कलकत्त्याकडची अॅम्बॅसॅडर आणि कुर्ल्याची फियाट या दोन गाड्यांनी पुढची तीस वर्षे मध्यमवर्गाला ताटकळत ठेवले. नवी गाडी हवी तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे. म्हणून काकांनी १९५८ सालची जुनी गाडी १९६१च्या जानेवारीत एका डॉक्टरांकडून घेतली. याच घराण्यातली पद्मिनी पुढे मुंबईची काळीपिवळी टॅक्सी झाली आणि ऑक्टोबर २०२३मध्ये तिथल्या रस्त्यावरून गेली, हे वाचकांनी वर्तमानपत्रात वाचलेच असेल.

या गाडीचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे बिजागरी मागे आणि उघडतात पुढून. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच. इंजिन चार सिलिंडरचे, १०८९ सी.सी. हे सगळे मी नंतर शिकलो. त्या दुपारी मी फक्त दार उघडले आणि पुढच्या कप्प्यात हात घातला. हाती आली एक लांबट वही.

इतिहासाच्या माणसाला वही दाखवू नये. काकांनी १९६१पासून २००३पर्यंत प्रत्येक पेट्रोलभरणी, प्रत्येक दुरुस्ती आणि प्रत्येक लांबचा प्रवास नोंदवला होता. सुरुवातीची पाने मराठीत, बालबोध अक्षरात. १९७०च्या पुढे मधूनच हिंदी शब्द घुसतात, आणि १९९०नंतर वाक्येच हिंदी होतात, अक्षर मात्र तेच. घराण्याची भाषा कशी बदलत जाते याचा असा पुरावा मला कुठल्या दप्तरात मिळाला नसता. १९६१ साली ग्वाल्हेरला कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले. एवढ्या वर्षांत अध्यक्षस्थानी स्त्री येण्याची ती पहिलीच वेळ. त्या तीन दिवसांत काकांनी स्थानक ते मांडव अशा अकरा फेऱ्या केल्या. पाहुण्यांची नावे नाहीत, पेट्रोलचा हिशेब आहे. शेजारी बारीक अक्षरात, 'क्लच जळाल्याचा वास.'

मी मावसभावाला सांगितले, भांडी राहू देत, मला ही गाडी हवी.

तो हसला. मावशी हसली नाही. तिने एवढेच विचारले, ''चालवतोस की नुसती ठेवतोस?''

या प्रश्नाने मला पंचाईतीत टाकले, कारण ग्वाल्हेरात मोटार नुसती ठेवण्याचीही परंपरा आहे आणि चालवण्याचीही. माधवराव शिंदे (१८७६ ते १९२५) यांना यंत्रांचे विलक्षण वेड होते. राजवाड्यातल्या मेजवानीत पाहुण्यांपुढून मद्य आणि चिरूट फिरवणारी त्यांची चांदीची आगगाडी जयविलासच्या संग्रहालयात आजही लोक रांगेने पाहतात. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. दोन फुटी रुळांची खरी रेल्वे त्यांनी संस्थानभर नेली. १८९९ साली भिंड आणि शिवपुरीकडचे मार्ग सुरू झाले, १९०९पर्यंत श्योपूर गाठले. जवळजवळ दोनशे किलोमीटरची ती श्योपूरची छोटी गाडी २०२०च्या मार्चपर्यंत धावत होती. मग मार्ग रुंद करण्यासाठी ती बंद झाली. महाराज स्वतः इंजिन हाकत.

आणि मोटारींच्या इतिहासातला एक धागा तर थेट आपल्या रस्त्यावरून जातो. १९०८ साली रोल्स-रॉइसची सिल्व्हर घोस्ट जातीची एक गाडी मुंबईत आली. तिचे नाव ठेवले होते 'पर्ल ऑफ द ईस्ट'. घाटरस्त्यांवर मोटारी टिकतात का, हे पाहण्यासाठी मुंबई-कोल्हापूर अशी चाचणी-शर्यत झाली आणि तीत ही गाडी जिंकली. बोरघाट, कात्रज, खंबाटकी हे चढ आजही भल्या भल्या गाड्यांचे पाणी उकळवतात. त्या काळच्या बैलगाडीच्या रस्त्यावर हे काय प्रकरण असेल! शर्यतीनंतर ती गाडी विकत घेतली ग्वाल्हेरच्या माधवरावांनी. म्हणजे परीक्षा दिली आपल्याकडे आणि नांदायला गेली ग्वाल्हेरला. माझ्या मावशीसारखीच, असे मी तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ''तिला सासू नव्हती.''

हा सगळा इतिहास मला पाठ होता. गाडीपाशी उभा राहिलो तेव्हा कळले की यातला एकही शब्द मला बॉनेट उघडायला उपयोगी नाही.

वहीत एक माणूस वारंवार येतो. 'मिस्त्रीस ४ रु.', 'मिस्त्री म्हणतो बेअरिंग बोलते', 'मिस्त्री आजारी, गाडी तशीच.' बेचाळीस वर्षांत त्याचे नाव काकांनी एकदाही लिहिलेले नाही. मावशीलाही नाव आठवेना. 'मिस्त्रीच म्हणायचो की रे.' कंपूच्या बाजूला चौकशी करत फिरलो, तेव्हा त्याचा मुलगा सापडला. तोही आता सत्तरीचा, स्वतःचे छोटेसे गॅरेज धाकट्यांवर सोपवून बाकावर बसणारा. गाडीचे वर्णन ऐकताच म्हणाला, ''हरी फिएट? डॉक्टर वाली?'' साठ वर्षे काकांकडे असूनही गॅरेजच्या लेखी ती डॉक्टरांचीच राहिली होती.

गाडी तो स्वतः दुरुस्त करणार नव्हता. गुडघे गेलेले. मी करणार असेन तर रोज तासभर येऊन खुर्चीवर बसेन आणि सांगेन, असे ठरले. पैसे किती, विचारले तर म्हणाला, ''मास्साब, ट्यूशन का जो रेट हो।'' अशा रीतीने पंचवीस वर्षे शिकवण्या घेऊ नका असे शिक्षकांना बजावणारा मी शिकवणीला बसलो. सोबतीला माझा पुतण्या, म्हणजे मावसभावाचा मुलगा. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि पान्याचे नंबर त्यालाही माहीत नव्हते. शिक्षकाने हत्यार हाती धरल्याचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात आहेच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले, तिथूनच पुढचा सारा पसारा झाला. माझ्याकडून पसारा झाला तो फक्त पडवीत.

पहिला धडा संयमाचा. इंजिन जाम होते. चारही प्लग काढून भोकांतून तेल सोडले आणि आठ दिवस हात लावायचा नाही. दररोज सकाळी मी जाऊन पाही. नवव्या दिवशी वरचा गिअर टाकून आम्ही दोघांनी गाडी मागेपुढे हलवली. काही नाही. अकराव्या दिवशी आतून एक बारीक 'टक्' असा आवाज आला. खुर्चीवरून मिस्त्री म्हणाला, ''जाग गई। अब छेड़ना मत, नहाने दो।'' आणखी दोन दिवस तेल.

ब्रेकमध्ये रबराच्या वाट्या फुगून बसल्या होत्या. कुणीतरी कधीतरी ब्रेकऑइलच्या जागी इंजिनचे ऑइल ओतले होते. खनिज तेलाने ते रबर फुगते, हे शाळेतल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना मी नंतर मोठ्या रुबाबात सांगितले. पेट्रोलच्या टाकीत गंजाचा चिखल. टाकी उतरवून आत मूठभर नट टाकले आणि दोघांनी दोन्हीकडून धरून ती पाळण्यासारखी हलवली, तासन् तास. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि जुन्या जातीच्या रबरी नळ्या त्याने खलास होतात. बाजारातून हौसेने आणलेल्या 'ओरिजिनल' नळ्या सहा महिन्यांत चिघळल्या, तेव्हा सगळ्या पुन्हा बदलल्या.

सर्वांत अवघड काम तळाचे. या गाडीला चासी म्हणून वेगळी वस्तू नाही. पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो. तळ गंजला म्हणून सरळ कापला तर गाडी मधूनच वाकते, आणि मग दारे कधी लागत नाहीत. मिस्त्रीने आधी आतून लोखंडी पट्ट्यांचे टेके मारायला लावले. एका वेळी वीतभर पत्रा कापायचा, नवा जोडायचा, दार लावून पाहायचे, मग पुढची वीत. वेल्डिंग करणारा मुलगा वैतागला. पण दारे लागली.

भाषेची गंमत इथेच सुरू झाली. मी 'पक्कड' मागितली की पुतण्या गोंधळे, तो 'प्लास' म्हणे. माझी 'कानस' त्याची 'रेती'. रेती आण म्हटल्यावर आपल्याकडे माणूस घमेले घेऊन जाईल. 'पाना' मात्र दोघांचा एकच. पहिल्या उन्हाळ्यात आम्ही एकमेकांशी जे बोललो ते बहुतेक या शब्दांतच. आजीशी तो हिंदीत बोलत असे, आजी मराठीत उत्तर देई, आणि तिच्या मराठीत साठ वर्षांनंतरही बेळगावचा हेल होता. 'कानस' हा शब्द त्याने तिला जाऊन सांगितला, तेव्हा तिने त्याला 'ऐरण', 'सांडशी', 'घण' असे चार शब्द आणखी दिले. तिचे माहेर शहापूरच्या लोहारगल्लीला लागून होते, हे मलाही तेव्हाच कळले.

आता माझ्या पराक्रमाविषयी. त्या वर्षीच्या दसऱ्याच्या सुट्टीत मिस्त्री चार दिवस लग्नाला गेला. सिलिंडर-हेड बसवायचे राहिले होते. पुस्तकात पाहून मी ते बसवले आणि नट एका कडेने ओळीने, जोर लावून आवळत गेलो. विद्यार्थ्यांना रांगेत उभे करावे तसे. मिस्त्री आला, इंजिनची ऑइलची पट्टी ओढली, तिच्यावर चहासारखे दुधाळ तेल. गॅस्केटमधून पाणी उतरले होते. हेड अॅल्युमिनियमचे. मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेर जायचे, तेही तीन टप्प्यांत थोडे थोडे, नाही तर ते वाकते. तो रागावला नाही. म्हणाला, ''मास्साब, क्लास में भी बीच वालों से शुरू करते होंगे आप।'' मी कधीच केले नव्हते. पहिल्या बाकापासून सुरुवात करायचो. हेड घासून सपाट करून आणायला दोन महिने आणि माझा एक पगार खर्ची पडला.

खरा प्रश्न मात्र यंत्राचा नव्हताच. तो आला रंगाच्या वेळी.

जुना रंग खरवडताना हिरव्याखाली मलईचा थर लागला आणि त्याखाली करडा. करडा कारखान्याचा, १९५८ सालचा. मलई डॉक्टरांनी दिलेली. हिरवा काकांनी १९७१ साली लावला, वहीत नोंद आहे, 'सौ.च्या पसंतीने.' मी इतिहासाचा माणूस. मूळ प्रत तीच खरी, नंतरचे हात लागलेले सगळे प्रक्षिप्त, हे आम्हाला एम.ए.ला शिकवलेले. गाडी कारखान्यातून निघाली तशी करडी करायची असे मी जाहीर केले. कायद्याचाही मला आधार होता. २०२१च्या जुलैत केंद्र सरकारने नियम केला की पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ स्वरूपात राखली असेल, इंजिन-सांगाड्यात मोठा फेरफार नसेल, तर तिला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. मारुतीचे इंजिन टाका, कटकट मिटेल, असा सल्ला देणाऱ्या तीन गॅरेजवाल्यांना मी हाच नियम ऐकवून गप्प केले होते.

मावशीने ऐकून घेतले आणि विचारले, ''करडी गाडी कुणाची?''

मला उत्तर सुचेना. करड्या गाडीत आमच्यातले कुणीच कधी बसले नव्हते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघून डॉक्टरांनी रंगवेपर्यंतची ती वर्ष-दोन वर्षे सोडली, तर जिला आम्ही ही गाडी म्हणतो ती करडी नव्हतीच. मग मूळ म्हणजे कोणते साल? १९७१च्या रंगासोबतच काकांनी अॅम्बॅसॅडरच्या हॉर्नचे बटण बसवले होते, मागच्या सीटवर दरीचे कापड लावले होते, दाराच्या खिशाला मावशीने स्वतः शिवलेली अस्तरे होती. हे सगळे प्रक्षिप्त म्हणून काढायचे, तर वहीसुद्धा प्रक्षिप्तच. बखरीत भर पडलेली असते म्हणून आपण बखर फेकून देत नाही. भर कुणी आणि कधी घातली, ते पाहतो. वर्गात हे मी किती वेळा सांगितले असेन, स्वतःवर वेळ आली तेव्हा मावशीला आठवण करून द्यावी लागली.

मिस्त्रीलाही विचारले. त्याने खांदे उडवले. ''हरी फिएट हरी नहीं होगी तो पहचानेगा कौन?''

गाडी हिरवीच केली. नोंदणीच्या पुस्तकातही रंग हिरवाच आहे, तेव्हा कायद्याचे काही बिघडले नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा तुकडा मी रंगवू दिला नाही. तिथे तिन्ही थर कडेला कडे लावून दिसतात. माझ्या एम.ए.ची तेवढी बूज राखली. अॅम्बॅसॅडरचे बटणही आहे तिथेच आहे.

कागदपत्रांच्या फेऱ्या हा स्वतंत्र लेखाचा विषय. एका कचेरीत मला सांगण्यात आले की गाडीच्या मालकाने स्वतः येऊन सही करावी. मालक २००४ साली वारले असे मी सांगितले. तर मग त्यांचे संमतीपत्र आणा, म्हणाले. असो. वारसाहक्काने गाडी आधी मावशीच्या नावावर आली, आणि तिथे आल्यावर ती माझ्या नावावर करण्याची घाई मीच सोडून दिली. मालक होण्यासाठी निघालेला मी या गाडीचा कायदेशीर मालक आजही नाही. बेळगावला नेण्याचा बेतही मागे पडला. वाडा विकला गेला, पण घेणाऱ्याशी बोलून पुतण्याने मागची पडवी भाड्याने ठेवली आहे. भाडे आम्ही निम्मेनिम्मे देतो.

२०२४ साली दिवाळीच्या आधीच्या रविवारी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली. मिस्त्री पुढे बसायला तयार नव्हता. ती जागा 'माताजी'ची, म्हणाला, आणि स्कूटरवर मागे मागे आला. उलट्या उघडणाऱ्या दारातून मावशी नऊवारीसकट अगदी सहज आत बसली. त्या दाराची सोय मला तेव्हा कळली. महाराज बाड्याला एक फेरी घालून टाउन हॉल आणि पोस्टाच्या इमारतीवरून आम्ही परत वळलो. चढावर पुतण्याने दुसरा गिअर चुकवला. स्टिअरिंगवरचा दांडा करकरला.

''हळू रे, कानस मारल्यासारखा आवाज करतोय,'' मावशी म्हणाली.

''हो आजी,'' तो म्हणाला, आणि गिअर पडला.

घरी आल्यावर वहीत नोंद करायला त्यालाच सांगितले. तारीख लिहिली, पेट्रोल पाच लिटर लिहिले. मैलांच्या रकान्यापाशी तो थांबला, कारण मीटरची केबल अजून मिळालेली नाही. तो रकाना कोरा आहे. त्याच्यापुढच्या रकान्यात मिस्त्रीचे नाव मात्र आम्ही पूर्ण लिहिले, त्याच्या वडिलांच्या नावासकट, त्याला विचारून.